दोनच्या फेरीतली नोंद

प्रसूती कक्षातल्या लांब टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. तिच्यावर कात्र्या नऊ, चिमटे चौदा, ट्रे सहा, थर्मामीटर पाच, त्यातलं एक बंद, बाळांचं वजन करायचा काटा एक आणि बीपीची मशिनं तीन. रजिस्टरात मशिनं चार होती. तेवढ्या एकासाठी महामाया बनसोडे सिस्टरांचा चार्ज सकाळी अकरापासून अडकून पडला होता.

महिन्याची एकतीस तारीख. चार वाजता सत्कार, मग नोकरी संपली. कंधारला रुजू झाल्या तेव्हा सिस्टर चोवीस वर्षांच्या होत्या. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या या लहान सरकारी दवाखान्यात त्यांची अठ्ठावन्न पुरी झाली. रात्रपाळ्या सुटणार म्हणून गुडघे खूश होते. बाकीच्या जिवाचं मात्र काही खरं नव्हतं. आठ दिवसांपासून त्या पहाटेच जाग्या होत आणि एक तारखेनंतर आपल्याला ‘सिस्टर’ म्हणून कोण हाक मारणार, असा विचार करत पडून राहत. त्यांचे यजमान आनंदराज म्हणायचे, “मी मारतो की.” सिस्टरांना काही हसू यायचं नाही.

चार्ज देण्याघेण्याचा त्यांचा एक नियम होता. मोजणीवर सही होईपर्यंत टेबलावरची वस्तू हलवायची नाही. कंधारला एकदा मोजणी चालू असताना कुणीतरी दोन कात्र्या नेल्या आणि ठपका यांच्यावर आला, तेव्हापासून हा नियम दगडासारखा पक्का होता.

दोन वाजता, चार्ज घेणारा मल्लिनाथ ब्रदर दारातून म्हणाला, “सिस्टर, दोनची फेरी राहिली. एक मशीन उचलू का?”

“हात लावू नको. चौथं सापडू दे आधी.”

“मग बीपी?”

“मी बघते. तू मशीन हुडक.”

वॉर्डात तिघीच होत्या. दोघी बाळंतिणी आणि तिसरी सुकन्या. पहिलटकरीण, आठवा महिना, पाय सुजले म्हणून कालपासून दाखल. सिस्टरांनी तिची नाडी धरली, पापणी ओढून पाहिली, पायावर बोट दाबलं. सकाळचं बीपी एकशे वीस-ऐंशी होतं. चेहरा बरा वाटला. बनसोडे सिस्टरांना नुसत्या चेहऱ्यावरून कळतं, असं सगळे म्हणायचे, आणि ऐकून ऐकून त्यांनाही ते पटलं होतं. त्यांनी कागदावर लिहिलं, दुपारी २ वाजता १२०/८०. खाली सही केली.

सव्वातीनला चौथं मशीन लसीकरणाच्या खोलीत, फ्रीजच्या मागं सापडलं. दोघांनी रजिस्टरावर सह्या केल्या. “झाल्या बघा मोकळ्या,” मल्लिनाथ म्हणाला. सिस्टर मोकळ्या झालेल्या हातांकडं बघत बसल्या.

सत्काराला पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. हार झाला, शाल झाली, बुद्धमूर्ती झाली. मल्लिनाथ माइकवर रंगात आला होता. “आमच्या सिस्टर लई कडक! मला पहिल्या दिवशी म्हणल्या, केस कापून ये, मग पेशंटला हात लाव. म्हणलं, सिस्टर, लग्न जमवून राहिलेत घरचे, राहू द्या थोडे. तर म्हणल्या, कात्री माझ्याकडं हाय!” सगळे हसले. सिस्टरही हसल्या.

तेवढ्यात शेडच्या खांबाला धरून उभी असलेली सरजाबाई त्यांना दिसली. सुकन्याची सासू. हातात सत्काराचा चहा, पण पीत नव्हती. नजर भेटली तशी खुर्च्यांमधून वाट काढत आली.

“बाई, तुमचा कार्यक्रम होऊ द्या वो. पर पोरीचं डोकं लई दुखून राहिलंय.”

“कधीपासून?”

“दुपारपासून. आता डोळ्यापुढं काजवे चमकायलेत म्हणती. तुम्ही बघून गेल्या म्हणून म्हणलं, आसंल काही तरी साधं.”

सिस्टर शालीसकट उठल्या.

मशीन लावलं. काटा खाली येताना पहिला ठोका एकशे बहात्तरला आला, शेवटचा एकशे बाराला. दुसऱ्या हाताला लावलं. तेच.

डॉ. स्वामी आले. त्यांनी कागद वाचला आणि कपाळाला आठी घातली. “दोनला एकशे वीस-ऐंशी, आणि आता हे? आपली मशिनं सकाळपासून इकडून तिकडं होऊन राहिलीत. अर्ध्या तासानं पुन्हा बघू.” बनसोडे सिस्टरांची नोंद आणि समोरचा आकडा, यात त्यांनी नोंदीवर विश्वास ठेवला होता.

मल्लिनाथला सगळं माहीत होतं. तो सिस्टरांच्या कानाशी आला. “गप राहा, सिस्टर. अर्ध्या तासानं कळंलच त्यांना. शेवटच्या दिवशी कशाला चौकशी लावून घेता?”

सुकन्यानं डोळे मिटून घेतले होते. तिच्या तोंडाचा एक कोपरा किंचित ओढल्यासारखा हलला, की तसं वाटलं, कोण जाणे. अर्ध्या तासात झटका येऊ शकतो, हे सिस्टरांना पुस्तकातून माहीत नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं.

“सर, दोनचं मी मोजलेलं नाही.”

“म्हणजे?”

“मशिनं टेबलावर होती. मी हलवू दिली नाहीत. सकाळचंच उतरवलं.”

सरजाबाईनं चहाचा ग्लास खिडकीत ठेवला. डॉ. स्वामींनी एकदा सिस्टरांच्या गळ्यातल्या हाराकडं पाहिलं आणि मग आवाज चढवला, “मॅग्नेशियम भरा, झटका यायला नको. बीपीची गोळी द्या. एकशे आठला फोन करा, लातूरला पाठवायचंय.”

इंजेक्शनं झाली. सिस्टरांनी कागद ओढला, १२०/८० वर एक सरळ रेघ मारली, शेजारी ‘मोजले नाही’ लिहिलं आणि त्याखाली वेळ घालून सही केली.

गाडी आली तेव्हा त्या पायरीवर चढू लागल्या. मल्लिनाथ हळू आवाजात म्हणाला, “सिस्टर, चार्ज माझ्याकडं हाय. तुम्हाला जाता येत न्हाई आता.”

ते बरोबर होतं. नियम त्यांचेच होते.

“नातलग किती चालतात?” सरजाबाईनं गाडीतल्या डॉक्टरला विचारलं.

“दोन.”

“मग मी आन् ही तिची मावशी.” मग सिस्टरांकडं न बघताच म्हणाली, “बसा. घरी जाऊन तरी तुम्हाला झोप येणार हाय का?” तो दिलासा होता की टोमणा, सिस्टरांना कळलं नाही. त्यांनी शाल काढून सत्काराला आलेल्या आनंदराजांच्या हातात दिली आणि आत शिरल्या.

निलंगा मागं पडलं. रस्ता फुटलेला होता. सुकन्याचं डोकं हलू नये म्हणून सिस्टरांनी ते दोन्ही तळव्यांत धरलं होतं. सरजाबाई पलीकडं बसून होती. निम्म्या वाटेवर ती म्हणाली, “मला खरं सांगितलं असतं, मशीन न्हाई म्हणून, तर मशीन मिळंस्तवर मी बसले असते की त्या टेबलापुढं.”

“हाव,” सिस्टर म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांनी डॉक्टरला विचारलं, “मी मोजू?” त्यानं गाडी बाजूला घ्यायला सांगितली, पट्टा त्यांच्या हातात दिला. सिस्टरांनी तो बांधला, हवा भरली, कानाला नळ्या लावल्या आणि काटा गरजेपेक्षाही सावकाश खाली येऊ दिला. मग पुन्हा एकदा भरून पाहिलं.

पाच वाजून बावन्न मिनिटं. एकशे अठ्ठेचाळीस, शंभर.