माहितीदार क्रमांक चौदा

महानंदा हत्तरकीला पीएच.डी. मिळाली तेव्हा तिच्या भावाने इचलकरंजीत गल्लीभर पेढे वाटले. सीमेवरच्या गावांतली मराठी आणि तिच्यात मिसळलेली कानडी, हा तिचा विषय. आता बहीण प्राध्यापक होणार, यात कुणाला शंका नव्हती. तिलाही नव्हती.

पुढची चार वर्षं ती तासिकेवर शिकवत राहिली. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्यात, मे महिन्यात कुठेच नाही. मुलाखती सात झाल्या. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांत कुणीतरी एक जण अगदी निवांत असायचा आणि नेमणूक त्याचीच व्हायची. सातव्या खेपेला एका गृहस्थांनी प्रबंध न उघडताच परत केला. "छान आहे, पण आम्हाला याचा उपयोग काय?"

सन दोन हजारच्या जूनमध्ये ती कॉलेजात गेलीच नाही. जाहिरात बघून पुण्याच्या एका पाहणी कंपनीत लागली. गावोगाव फिरायचं, साबण, तेल, चहा यांविषयी प्रश्न विचारायचे, फॉर्म भरायचे. दोन्ही भाषा येतात म्हणून तिला घेतलं. अर्जात तिने शिक्षण एम.ए. एवढंच लिहिलं होतं.

राजारामपुरीत तिची भाड्याची खोली होती. दिवसभर पंधरा-वीस घरी प्रश्न विचारून ती परत यायची, कुकर लावायची आणि मग कधीतरी लक्षात यायचं, की आज आपल्याला कुणीच काही विचारलेलं नाही.

जानेवारीत यादीत शिरोळच्या पुढचं एक गाव आलं. प्रबंधाच्या वेळी ती तिथे मल्लव्वाच्या घरी बारा दिवस राहिली होती. कंपनीचा नियम असा, की दर पाचवं घर घ्यायचं. मोजत मोजत ती ज्या दारात आली, ते मल्लव्वाचं निघालं. वळून जावं असं तिला वाटलं, पण म्हातारी सोप्यातच ज्वारी पाखडत बसली होती.

"टेपवाली बाई न्हवं तू?" मल्लव्वाने सूप खाली ठेवलं. "ये की! बस. पुस्तक झालं?"

"झालं, अव्वा."

"आनि नोकरी?"

"लागली." ते खोटं नव्हतं, तरी तिची मान खाली गेली.

"मग आज काय इचारतीस? इचार." मल्लव्वाने पदराला हात पुसले आणि सात वर्षांपूर्वी टेपसमोर बसायची तशी ताठ बसली. हेही त्याच अभ्यासातलं, असं तिला वाटत होतं. महानंदाने तसंच वाटू दिलं आणि फॉर्म वाचायला घेतला. "आपल्या कुटुंबात खरेदीविषयक निर्णय मुख्यतः कोण घेतं?"

"ही कुठली भाषा गं?"

"बाजारातनं काय आणायचं ते घरात कोण सांगतंय?"

"आसं इचार की! सांगत्यात समदी. आणतो मधला ल्योक, त्याला वाटंल ते."

मग मल्लव्वा सुटलीच. धुण्याचा साबण निराळा, अंगाचा निराळा. पाव्हण्यांसाठी एक वडी कागदातच ठेवलेली, तिला कानडीत काय म्हणायचं, सासरी काय म्हणत, माहेरी काय. महानंदाचं पेन चालू लागलं. चौकटी भरल्या, समास भरले, पाठची कोरी बाजूही भरली. कितीतरी महिन्यांनी तिला भुकेचंही भान राहिलं नाही.

"त्या पुस्तकात माझं नाव हाय न्हवं?" मल्लव्वाने मध्येच विचारलं. "गावात सांगून ठेवलंय मी."

पेन थांबलं. प्रबंधात लिहिलं होतं, माहितीदार क्रमांक चौदा, स्त्री, वय एकसष्ट, निरक्षर. हाय म्हटलं असतं तर म्हातारी कुठे वाचून बघणार होती?

"नाव न्हाय, अव्वा. नावं घालायची नसतात त्यात. नंबर घातलाय."

"कितवा?"

"चौदावा."

मल्लव्वाने सूप आणखी बाजूला सारलं. "बारा दिस माझ्या घरात जेवलीस. मला चिगव्वा म्हणायचीस."

चिगव्वा म्हणजे आईची धाकटी बहीण. तो शब्दही प्रबंधात होता, अर्थासकट.

"गावांच्या क्रमाने लावले होते गं नंबर," महानंदा म्हणाली. तिचं तिलाच ते पोकळ वाटलं.

"व्हय, आसंल." मल्लव्वा उठली. "च्या घे आनि जा. गाडी चुकंल तुझी."

चहा नेहमीसारखाच गोड होता. पण मल्लव्वाने पुढे एकही प्रश्न विचारला नाही, आणि महानंदालाही विचारवेना.

फेब्रुवारीत पुण्याहून कंपनीच्या साने साहेबांचा घरमालकांकडे फोन आला. समासात लिहिलेला फॉर्म बाद झाला होता. "पण हत्तरकी, जिल्ह्यातल्या बाकीच्यांच्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न कोराच आहे. तुमच्याकडे त्यानंतरच्या सगळ्या घरांनी उत्तरं दिलीत. प्रश्न बदललात काय?"

"हो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "सगळेच प्रश्न लिहून द्या बरं तसे. एप्रिलपासून फिरू नका. शाहूपुरीच्या ऑफिसात टेबल देतो, पगार महिन्याचा. तुमचं शिक्षण किती हो?"

"पीएच.डी."

"मग अर्जात का लिहिलं नाहीत?"

तिने एप्रिलची तारीख तेवढी विचारून घेतली.

त्या संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमध्ये गेली. भाऊ घरी नव्हता. वहिनीने नोकरीचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कायमची हाय न्हवं?"

"व्हय वहिनी, कायमची."

"बरं झालं बाई. त्यांना सांगते. दूध उतू जातंय, ठेवते हं."

महानंदाने रिसीव्हर हातातच ठेवला. आणखी एखादा नंबर लावावा असं तिला वाटत होतं, पण दुसरा कुठला सुचेना. बाहेर थांबलेल्या माणसाने काचेवर टकटक केलं.

"झालं का, ताई?"

"झालं," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी दार धरून उभी राहिली.