दाराबाहेरचा दोरा

सून कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती. दर तासाला हात धुवायचे, भिंतीवरच्या घड्याळाशेजारी उभं राहायचं आणि फोटो काढून नवऱ्याला पाठवायचा, हा तिचा तीन वर्षांचा नेम. मैत्रिणी चिडवत, "लग्न घड्याळाशी लागलंय का गं तुझं?" तीही हसून वेळ मारून न्यायची. त्यांच्या गल्लीतल्या चार घरांत ही नवी रीत रुजली होती आणि तिला एकनिष्ठा म्हणत. संशयाला इतकं गोंडस नाव देण्यात आपला हात कोण धरणार!

त्या दिवशी अकरा वाजता तिचे दोन्ही हात ओल्या प्लास्टरमध्ये होते. काढले असते तर साचा वाया गेला असता. अकराचा फोटो राहिला.

संध्याकाळी ती भाजी चिरत होती, तोच नवरा तणतणत आला. तो डाव्या कानाने बहिरा, म्हणून घरातले त्याच्या उजवीकडूनच बोलत. तीही वळसा घालून उजवीकडे गेली.

"अहो, प्लास्टर घट्ट होत होतं."

"कारणं सांगू नकोस. उद्यापासून दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा. नाहीतर नोकरी सोड."

"दिवसभर? तिथं बाकीच्या बायका असतात हो."

"मन साफ असेल तर अडचण कसली? आईला विचार. बाबा फिरतीवर गेले की ती घराबाहेर पाऊल टाकायची नाही."

त्या नोकरीखेरीज तिचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. रडू दाबत ती "ठेवते" म्हणणार, इतक्यात मटार सोलणाऱ्या सासूबाई उठून मुलाच्या उजवीकडे आल्या.

"टाकत नव्हते, कारण तुझे बाबा जाताना दाराच्या फटीवर बाहेरून दोरा चिकटवायचे, दार उघडलं की तुटणारा. आले की आधी दोरा बघायचे, मग मला."

"आई, काहीतरीच काय!"

"तू चार वर्षांचा होतास. कान वाहत होता, तापाने फणफणला होतास. डॉक्टर समोरच्या गल्लीत. बाबा तीन दिवसांनी येणार. मी कडीपर्यंत जायचे, दोरा आठवायचा, मागे फिरायचे."

त्यांनी हातातली शेंग ओट्यावर ठेवली.

"तू जन्मापासून बहिरा नाहीस रे. मी एकनिष्ठ राहिले."

त्याचा हात डाव्या कानाकडे गेला. रात्री तो जेवला नाही.

सकाळी सुनेने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. सवयीने तो दारात आडवा उभा राहिला. सासूबाईंनी त्याचा दंड धरला, आणि तो बाजूला झाला.

वाचकहो, आज घरी पोहोचलात की आत शिरण्याआधी आपलं दार बाहेरून एकदा नीट बघून घ्या.