तळ्यावरच्या बंगल्यातला पाळणा

"हालवू नोका वो ताई, रिकामा हाये तो!"

झाडलोट करणाऱ्या जनकाबाई पुन्हा ओरडल्या आणि तिकीट काढून आत गेलेलं कुटुंब तोंड वाकडं करून बाहेर आलं. आता मी काय करायचं, सांगा! मी बागेतला तिकीटवाला. तळ्याकाठचा हा बंगला एका गोऱ्या साहेबाचा. उन्हाळ्यात तो बुलढाण्याला हवा खायला यायचा. मागच्या दिवाळीत बंगला रंगवून लोकांसाठी उघडला. आढ्याला एक कडी दिसली, म्हणून मॅनेजरनं तिथं पाळणा टांगला आणि पाटी लावली, 'साहेबाच्या बाळाचा पाळणा'. लोक झोका देतात, फोटो काढतात. त्यात बिघडलं काय?

"मावशी, आता एक जरी तक्रार आली तं झाडायचं काम सुटते तुमचं. काऊन ओरडता?"

"रिकामा पाळणा हालवला का लेकराले बाधते."

"कोनाच्या लेकराले? साहेब कधीचा मेला!"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "ते कडी साहेबाची नाही रे प्रेमानंद. आमच्या मालकानं ठोकली. साहेब गेल्यावर चौकीदार होते ना इथले. याच खोलीत राहत होतो आमी. माही पयली पोरगी इथंच निजे. दात यायच्या आधीच तापानं गेली. आता सून बाळंतपनाले खामगावच्या दवाखान्यात हाये. मले भेव वाटते."

मी गांगरलोच. पाटी खोटी म्हणावी तर मॅनेजरशी भांडण, खरी म्हणावी तर ही बाई समोर उभी. मग घर नेमकं कोणाचं? दोन महिने राहणाऱ्याचं की बारा महिने राहणाऱ्याचं? डोकंच चालेना.

"मंग मॅनेजरले सांगा ना."

"पाटी राहू दे त्याची. पाळणा रिकामा नको, बस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून वरवंटा आणला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालतात तसा, टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून निजवला. मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

"आता हालवू दे ज्याले हालवायचा त्याले," म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.

दिवसभर लोकांनी झोके दिले. संध्याकाळी मॅनेजर पाळण्यात डोकावला. "वा! साहेबाचं बाळ अगदी खरं वाटतंय," म्हणाला. जनकाबाई फरशी पुसत होत्या.

कुलूप लावायला गेलो तर टोपडं सरकलं होतं. तळ्यावरून गार वारा येत होता. वरवंट्याला कान नसतात, हे मलाही कळतं. तरी टोपडं खाली ओढलं, दुपटं नीट खोचलं आणि मगच खिडकी लावली.