निवडलेला माल

"भागूबाई, उतरा खाली! भट्टी तापलीय," सुपरवायझर आप्पासाहेब ओरडले.

क्रेनच्या हुकाला भंगाराची मोठी बादली लावलेली होती आणि भागूबाई त्या भंगारावर मांडी ठोकून बसल्या होत्या.

"आदी माल निवडू द्या. मंग उतरते."

नगरच्या एमआयडीसीतल्या या फाउंड्रीत अठरा वर्षं त्यांनी भंगारच निवडलं होतं. यंदा मोटारींचे भाग घेणाऱ्या कंपनीने अट घातली : ओतकामात जुना धातू वाढवा आणि तो कुठून आला त्याचे कागद दाखवा. सरकारी नियमही कडक होत चालले होते. मग नोंदणीकृत केंद्रातून 'तपासलेला' असा शिक्का मारलेला माल येऊ लागला आणि निवडणाऱ्या चौघींच्या हातात झाडू आला.

आज झाडताना भागूबाईंना बादलीत मोटारसायकलचा शॉकअप दिसला. दोन्ही तोंडं बंद, आत तेल. असलाच एक सहा वर्षांपूर्वी भट्टीत फुटला होता. भट्टीजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याचे, बन्सीचे, दोन्ही डोळे गेले होते.

"अकराला कंपनीचे लोक येतायत. त्यांच्यासमोर हाच माल वितळवायचाय," आप्पासाहेब म्हणाले. "कागद आहेत ना त्याचे!"

"कागदाला काय हुतंय साहेब? भट्टीम्होरं मानसं उभी ऱ्हात्यात."

आप्पासाहेबांनी क्रेनवरच्या कानिफनाथकडे पाहिलं. त्याने बटणावरचा हात काढला.

"बाई बसल्यात तवर मी बादली उचलनार न्हाई, साहेब."

भागूबाई उपसत राहिल्या. दुसरा शॉकअप निघाला. मग तिसरा. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला.

अकराला कंपनीच्या बाई आल्या. "भट्टी रिकामी का?" त्यांनी विचारलं.

आप्पासाहेबांनी बादलीकडे बोट दाखवलं. "माल बरोबर नव्हता, मॅडम. पुन्हा निवडतोय. दोन तास लागतील."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खुर्ची मागवली.

बादली जमिनीवर ओतली गेली. बाकीच्या तिघी झाडू भिंतीला टेकवून ढिगाभोवती बसल्या. थोड्या वेळाने आप्पासाहेबही बाह्या दुमडून भागूबाईंशेजारी उकिडवे बसले. एक नळी उचलून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

"ही?"

"तोंड दाबलंय तिचं. बाजूला ठिवा."

त्यांनी ती बाजूला ठेवली.