गाळणीतल्या सात आसरा

वाळू प्रकटली होती. कसबा बावड्याला गणपतराव इनामदारांच्या मळ्यात पोहण्याचा दगडी हौद होता. त्याच्या तळाशी, नितळ पाण्याखाली, कुणी हात न लावता पांढऱ्या वाळूची पिंडी उभी राहत होती. झाडून काढावी, तर दोन-तीन दिवसांत पुन्हा जागेवर. मग काय विचारता, टांगे, बैलगाड्या, नारळाच्या पिशव्या घेतलेल्या बाया, सगळं कोल्हापूर तिकडं लोटलं. महाराज सरकारांनी राज्यात शाळा काढल्या, वसतिगृहं काढली. पण चमत्कार म्हटला की मास्तर आणि मोलकरीण एकाच रांगेत उभे.

हौदाच्या काठावर शेंदूर फासलेले सात गोल धोंडे मांडलेले होते. त्या साती आसरा. पाणी तिथं आसरा, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांच्या शेजारी घोंगडीवर जलानंदबुवा बसलेले. बुवा मलकापूरकडून आले होते आणि बारा वर्षं पाण्यात बसून तप केल्याचं सांगत. जवळ गेलं की त्यातलं एक वर्षही अंघोळीत गेलं असावं असं वाटत नसे. एका पेन्शनरानं विचारलं, की पिंडी महादेवाची आणि धोंडे आसरांचे, मग यांचं आपसांत नातं काय? बुवा म्हणाले, "पाण्यात नाती विरघळतात." पेन्शनरांना हे इतकं पटलं, की त्यांनी तिथंच पायावर डोकं ठेवलं.

देवीचा संचार मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या दिवशी वाळू दुप्पट. नेमक्या त्याच दोन दिवशी हौदात ताजं पाणी सोडायचे आणि पाण्याची चावी फिरवायचा मळ्याचा राखणदार केरबा. पण देवीचा वार बघणारे केरबाचा वार कशाला बघतील?

मी तेव्हा मंगळवार पेठेत डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. एरवी हा तमाशा बघून हसत घरी गेलो असतो. पण आक्का नावाची सतरा वर्षांची मुलगी तीन आठवडे दवाखान्याकडं फिरकली नव्हती. तिच्या पापण्यांत खुपऱ्या झाल्या होत्या. डॉक्टर एक दिवसाआड पापण्या उलटून आतून मोरचुदाचा खडा फिरवायचे आणि डोळे हळूहळू निवळत होते. ती मला सापडली या रांगेत, आई बायडाबाईचा पदर धरून. बुवा चिमूटभर वाळू तीर्थात कालवून तिच्या डोळ्यांत भरत होते. उजवा डोळा लालभडक झाला होता आणि बुबुळावर पांढुरका डाग धरला होता.

मी बायडाबाईवर तोंड टाकलं. डोळा जाईल म्हणालो, अक्कल गहाण टाकली काय म्हणालो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"दवाखान्यात औषध घातलं की पोर वरडती," ती म्हणाली. "हितं घालत्यात तवाबी वरडतीच. पर हितं माझ्याशी कोण तरी दोन शब्द बोलतंय की."

औषध का चुरचुरतं, हे आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं. बुवांनी मात्र सांगून ठेवलं होतं, की येत्या मंगळवारी तीर्थाची शेवटची खेप आणि मग डोळे लख्ख.

मी थेट लालासाब गवंड्याचं घर गाठलं. हौद त्यानं बांधला होता आणि सहा महिने तो परगावी पुलाच्या कामावर होता. कालच परतला होता. चमत्काराची हकीगत ऐकून त्यानं एवढंच विचारलं, की वाळू पायपाच्या तोंडाखालीच पडते काय. मी हो म्हणालो.

"मग गाळणी गळायला लागली," तो म्हणाला.

नदीचं पाणी आधी वरच्या लहान हौदात, म्हणजे गाळणीत पडतं, हे त्यानं मला काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. त्यात वर बारीक वाळू, तिच्याखाली जाड वाळू, मग खडी. पाणी या थरांतून गाळलं जाऊन तळाला उतरतं आणि पायपातून पोहण्याच्या हौदात जातं. गाळणीच्या तळाशी, पायपाच्या आतल्या तोंडाभोवती लालासाबनं नदीचे मोठे गोल धोंडे एकमेकांना टेकवून बसवले होते, खडी आणि वाळू आत शिरू नये म्हणून. ते कुणी हलवले, की पाण्याबरोबर वाळू निघालीच समजायची.

"किती धोंडे होते?" मी विचारलं.

"सात. का वं?"

काठावरच्या आसरांचा आकडा सांगितल्यावर तो इतका हसला, की हातातला चहा धोतरावर सांडला.

मंगळवारी आम्ही दोघं गेलो. आरती झाली, केरबानं चावी सोडली, वाळू पडू लागली आणि लोकांनी गालावर मारून घेतलं. बुवांनी तीर्थाची वाटी उचलली, तसा मी आक्काच्या डोळ्यांवर हात आडवा धरला. गर्दी खवळली. दोघांनी माझं बखोट धरलं. लालासाब पुढं होऊन म्हणाला, की आसरांतली एक फक्त उलटी करून बघू द्या.

"हात लावशील तर दृष्टी जाईल," बुवा गरजले.

"ह्ये धोंडं मीच नदीतनं खांद्यावर वाहून आणल्यात, बुवा. दृष्टी अजून हाय." मग तो बायडाबाईकडं वळला. "आवो, पाणी गाळताना फडकं फाटलं, तर घागरीत काय येतं?"

"गाळ येतोय की."

"मग त्या गाळाची पूजा करता, का फडकं बदलता?"

बायडाबाईनं आक्काचा हात धरून तिला रांगेतून बाजूला घेतलं.

एवढ्यात केरबा पुढं आला. त्यानं वाकून एक आसरा उचलली आणि पालथी केली. बुडाला शेंदूर नव्हता. छिन्नीनं कोरलेल्या तीन रेघा होत्या. दुसरीला पाच, तिसरीला एक. बसवताना क्रम चुकू नये म्हणून लालासाबनं सातांवर खुणा केल्या होत्या. एवढ्या शिस्तीच्या देवी मी तरी आजवर पाहिल्या नव्हत्या.

"चैतात गाळणी धुवायला काढलती," केरबा म्हणाला. "तळाला ह्या साती जणी गोल बसल्याल्या. मला वाटलं, आसराच. परत वाळूखाली गाडायचा धीर झाला न्हाय. म्हणून काठावर बसवल्या. वाळू त्या दिसापासनं येतीया."

आसरांनीच गवंड्याच्या स्वप्नात जाऊन रेघा मारून घेतल्या, असं बुवांनी सांगून पाहिलं. पण गणपतरावांनी गाळणी उपसायला माणसं लावली, तेव्हा बुवांना मलकापूरची अचानक आठवण झाली. घोंगडी तेवढी राहिली.

केरबानं धोंडे स्वतः गाळणीच्या तळाशी उतरवले, शेंदरासकट. वर खडी, मग जाड वाळू, मग बारीक. शुक्रवारी चावी पूर्ण सोडली. हौदाच्या तळाला वाळूचा कणही आला नाही. पेन्शनर म्हणाले, आसरा तृप्त झाल्या. त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही.

त्या दिवसापासून औषध घालण्याआधी मी बायडाबाईला सगळं समजावून सांगू लागलो: हे का झोंबतं, किती वेळ झोंबेल, त्यानं काय होतं. तिनं एकही खेप चुकवली नाही. आक्काचा डावा डोळा स्वच्छ झाला. उजव्यात फूल पडलं ते कायमचं. आता ती पेठेत चोळ्या शिवते आणि सुई ओवायची झाली की ती डाव्या डोळ्यापाशी नेते.

म्हणून सांगतो, पाण्यात वाळू दिसली तर आधी गाळणी उघडून बघा आणि गाळणी बांधणाऱ्याला विचारा. हात जोडायला मागाहूनही वेळ असतो. आक्काच्या उजव्या डोळ्याला मात्र तेवढा वेळ नव्हता.