दाजींनी काढलेले तारे

"तारे काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," दाजी म्हणाले. "तारे हलत नाहीत, शिंकत नाहीत, माझं नाक एवढं मोठं का आलं म्हणून भांडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे डोळे मिटत नाहीत."

"मिचकावतात," बायको म्हणाली. ती काउंटरवर बसून पासपोर्टचे फोटो कापत होती. "तारे दुसरं करतात काय?"

दाजींनी ते कानाआड केलं.

दाजी या फोटो स्टुडिओचे जावई. स्टुडिओ सासऱ्यांचा, कॅमेरा सासऱ्यांचा, बायकोसुद्धा तशी सासऱ्यांचीच मुलगी. मेव्हणा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळी गल्ली दाजी म्हणायची, अगदी वयानं मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. लग्न झाल्यापासून दाजींनी एकच फोटो काढला होता. खांद्यापासून वर, मागे पांढरा पडदा, हनुवटी जरा खाली, हसू नका. माणसं बदलायची, फोटो तोच. कोटही तोच. आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला तो काळा कोट गावातल्या निम्म्या लोकांच्या ओळखपत्रावर होता. एकदा एका चोराच्या आणि त्याला पकडणाऱ्या फौजदाराच्या अंगावर तोच निघाला होता.

पण दाजींचं खरं दुखणं वेगळं होतं. ते स्टुडिओच्या दर्शनी काचेमागे टांगलेलं होतं.

त्या शोकेसमध्ये एक बाळ होतं. टॉवेलवर पालथं पडलेलं, गाल टॉवेलला टेकवून बघणारं, अंगावर एक चिंधी नाही. सासरेबुवांनी, म्हणजे अण्णांनी, ऐन उमेदीत काढलेला फोटो. त्यांच्या मते दुकान त्या फोटोनंच चालवलं होतं, त्यामुळे त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. लोक येऊन दाजींना म्हणायचे, बाकी काही म्हणा, तुमच्या सासऱ्यांचा हात कुणाला यायचा नाही. दाजी मान डोलवायचे आणि रात्री कूस बदलत पडायचे. आपलं एखादं चित्र त्या काचेमागे लागावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि तेही सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं लावावं.

त्यांच्याइतकीच ओढ आणखी एका माणसाला होती. त्या बाळाला.

बाळ आता मोठं होऊन समोरच्याच कचेरीत साहेब झालं होतं. हाच तो मेव्हणा. टक्कल पडलं होतं, चष्मा लागला होता, पण लोकांची ओळखायची खोड जात नव्हती. कचेरीत त्याच्या पाठीमागे त्याला सगळे पालथेसाहेब म्हणत. शिपायाला झापायला गेला की शिपाई गंभीर चेहऱ्यानं खिडकीतून पलीकडे शोकेसकडे बघत बसायचा. साहेबाचा आवाज आपोआप खाली यायचा.

तर झालं असं की शोकेसचं लाकूड कुजलं. सासरेबुवांनी सुताराला रविवारी बोलावलं. जुनी चौकट काढून नवी, दाराएवढी मोठी बसवायची आणि काच कायमची पक्की करून टाकायची. म्हणजे रविवारी आत जे जाईल ते पुढची पिढी बघणार. दाजींनी संधी साधली. समुद्रावरच्या दीपगृहाचा, वर चांदण्यांनी भरलेलं आकाश असलेला फोटो काढून आणतो, म्हणाले. सासरेबुवा कॅमेऱ्याचं भिंग पुसावं तशी चष्म्याची काच पुसत राहिले. मग म्हणाले, आण. बघण्यासारखा असला तर लावीन. नसला तर बाळ आहेच.

मेव्हण्याला हे कळल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं. त्यानं स्वतःच सुताराला गाठलं आणि नव्या चौकटीच्या फळीला वरच्या बाजूला मधोमध एक भोक पाडून त्यात दिवा बसवायला सांगितला. फोटोतल्या दीपगृहाचा दिवा रात्री खराखुरा उघडझाप करील, गल्ली बघत राहील. सुतार मोजल्याशिवाय खिळाही न ठोकणारा. त्यानं माप लिहून घेतलं. कुठलंही चित्र येवो, भोक इथेच, असं दोनदा विचारून पक्कं केलं.

दाजी पहिल्या रात्री गेले ते शीळ घालत. आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी भरतीनं नेली. तारे हलत नाहीत हा मुद्दा पहिल्याच फोटोत निकालात निघाला. चांगले फोटो यावेत म्हणून दाजींनी कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवलं, तर एकेक तारा भाताच्या शितासारखा लांब झाला. कॅमेऱ्याची तिवई ओल्या वाळूत रुतत गेल्यामुळे दीपगृह पडायला आल्यासारखं दिसत होतं. आणि दर थोड्या वेळानं दिव्याचा झोत फिरून कॅमेऱ्यात घुसायचा आणि सगळं पांढरंफटक करून जायचा. सवयीनं दाजी त्याला एकदा, डोळे मिटू नका, असंही म्हणाले.

शेवटी ते दीपगृहाच्या रखवालदाराकडे गेले आणि दिवा थोडा वेळ बंद करता का म्हणून अदबीनं विचारलं.

"करतो की," रखवालदार म्हणाला. "जहाज खडकावर चढलं की त्याचाही काढा एक. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावा."

पुढच्या खेपेला दाजींनी बायकोला बरोबर नेलं, ते धीर द्यायला. तिनं धीराऐवजी काळी छत्री आणली. झोत आला की छत्री कॅमेऱ्यापुढे धरायची, गेला की बाजूला घ्यायची. आधी दाजी हसले. मग सगळी रात्र किनाऱ्यावर एवढंच ऐकू येत राहिलं, "लावू? काढू? लावू? काढू?" पहाटेच्या सुमाराला बायको उभ्या उभ्या झोपली होती, पण हात चालू होता.

आणि फोटो आला. असा आला की स्टुडिओत कॉम्प्युटरवर उघडल्यावर दाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. काळ्याभोर आकाशात मूठभर साखर उधळावी तसे तारे, खाली शांत उभं दीपगृह, एकही तारा लांबला नव्हता. त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर ठेवला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड लगेच पुसून टाकलं. त्या दिवशी शाळेत जाऊन अख्ख्या शाळेचे ओळखपत्राचे फोटो काढायचे होते, कार्ड रिकामं हवं होतं. शिवाय जुना कचरा ठेवायचा नाही, ही दाजींची शिस्तच होती.

निघता निघता त्यांचं लक्ष गेलं. आकाशातून आडव्या तीन विजेच्या तारा गेल्या होत्या. अंधारात दिसल्या नव्हत्या, पडद्यावर मात्र कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या दिसत होत्या. शाळेची वेळ झालेली, बायको छत्री उशाशी घेऊन घोरत पडलेली. दाजी तसेच निघाले आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यातून त्यांनी मेव्हण्याला फोन लावला. त्याला सुट्टी होती आणि कॉम्प्युटरचं त्याला सगळं येत होतं.

मधली सुट्टी म्हणजे काय, हे ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको.

"फोटो उघड," दाजी एका कानात बोट घालून ओरडले. "त्यातल्या तारा काढून टाक."

"काय काढू? तारे?"

"हां, हां. काढून टाक."

"सगळे?"

"एकूण एक. अण्णांची नजर माहीत आहे ना?"

फरक एका मात्रेचा. पण ही मात्रा भलतीच लागू पडली.

मेव्हण्याला क्षणभर नवल वाटलं, नाही असं नाही. पण मग त्याला पटलं. दाजींचा जन्म पासपोर्टच्या फोटोंत गेला. मागचं कोरं लागतं, चेहऱ्यावरचे डाग काढायचे असतात. आकाशाच्या तोंडावर तर पुटकुळ्याच पुटकुळ्या होत्या. तो बाह्या सरसावून बसला. एकेक तारा टिपून काढला. कचेरीत त्यानं एवढं काम आयुष्यात कधी केलं नव्हतं. संध्याकाळी बहीण चहा घेऊन डोकावली, तर हिला छत्री धरण्यापलीकडे काय कळतं म्हणून त्यानं तिला दारातूनच परत पाठवलं. शेवटचा, अगदी कोपऱ्यातला बारीक तारा सापडला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता आपण सरळ उभे राहू, पालथे नाही, असं त्याला वाटलं असावं. पसारा नको म्हणून त्यानं फोटो त्याच नावानं, जुन्यावरच साठवला, मोठ्या मशीनवर छापला आणि गुंडाळी करून वर फीत बांधली.

दाजी शाळेतून आले तेव्हा घसा बसला होता. मेव्हणा म्हणाला, झालं काम, एकूण एक काढले. दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. फीत त्यांनी सोडली नाही. अण्णांच्या हातानंच सुटू दे, म्हणाले.

रविवारी सुतारानं जुनी काच उतरवली. गल्ली जमली, कारण दाजींनीच दारोदार सांगितलं होतं. कचेरीतला शिपाईही आला होता. सासरेबुवांनी फीत सोडली, फोटो उलगडून टेबलावर पसरला आणि खिशातून भिंग काढलं. ते त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवलं.

काळं आकाश. डांबरासारखं. खाली दीपगृह. आणि मधून, स्वच्छ, ठसठशीत, तीन तारा.

"तारांचा फोटो छान आलाय," सासरेबुवा म्हणाले. "वीजवाल्यांच्या ऑफिसात लावा."

दाजींनी मेव्हण्याकडे पाहिलं. आवाज बसलेलाच होता, तरी जेवढा होता तेवढा काढला. "तारे कुठायत?"

"काढले की."

"अरे, तारा काढायच्या होत्या."

"तारा?" मेव्हण्यानं फोटोकडे वाकून पाहिलं. "त्या कशाला? त्या किती सरळ आल्यायत."

मूळ फोटो शोधायला दाजी कॉम्प्युटरकडे धावले, तिथून कॅमेऱ्याकडे धावले. कार्डावर मुलंच मुलं होती, हनुवटी खाली, कुणी हसत नव्हतं. बायको दारात उभी होती. रात्रभर धरलेला हात तिला अजून वर करता येत नव्हता. काय दिवे लावलेत, एवढंच ती म्हणाली. दाजी मान खाली घालून स्टुलावर बसले, गिऱ्हाइकांच्या.

सुतारानं सरस तापवून आणला होता. तो थंड होतोय, आत काय जायचं ते आत्ता बोला, म्हणाला. सासरेबुवांनी जुना बाळाचा फोटो हातात घेतला आणि फुंकर मारून धूळ उडवली. एवढ्या मोठ्या चौकटीत हा टिकलीएवढा दिसेल, असं कुणीतरी म्हणालं. मेव्हण्याचा चेहरा जरा उजळला. पण सासरेबुवांकडे निगेटिव्ह होती. लोखंडी पेटीत, कापडात गुंडाळून, जपून ठेवलेली. आत जाऊन त्यांनी दुपारपर्यंत बाळाचा फोटो दाराएवढा मोठा करून आणला.

सुतारानं सरस पुन्हा तापवला आणि फोटो फळीवर ताणून बसवला. मग खिशातला कागद काढून माप पाहिलं, ठरल्याप्रमाणे वरच्या बाजूला मधोमध भोक पाडलं, दिवा बसवला, काच लावून चारी बाजूंनी पक्की केली आणि निघून गेला.

पालथ्या बाळाचा सर्वांत उंच भाग कुठला असतो, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता अंधार पडला की तिथे दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो.