चौपन्न अंशांवर

योर्मानने पिस्तुलाचा दस्ता पुन्हा उगारला तेव्हा देइविस खाटेवरूनच म्हणाला, "हातावर नको. हात कामाचे आहेत त्याचे." मग योर्मानने तो नेरियोच्या कानामागे हाणला. नेरियो कीबोर्डवर तोंडघशी पडला आणि स्क्रीनवर एकाच अक्षराची रांग उमटली. ती त्याने आधी पुसली, मग मानेवरचं रक्त पुसलं.

खरं तर तो भावाला भेटायला आला होता. दर रविवारी माराकाइबो शहरातून दोन बस बदलून, तळलेली केळी आणि चीज घेऊन तो या तुरुंगात यायचा. धाकटा एउदो तांब्याच्या तारा चोरताना सापडला होता. आई गेली तेव्हा एउदो जेमतेम चालायला लागला होता. नेरियोनेच त्याला वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि हा भाऊ, एवढाच त्याचा संसार. पण एउदोला फुशारकी मारल्याशिवाय घास उतरत नसे. माझा भाऊ मेलेलं मशीन उठवतो, असं त्याने बराकभर सांगून ठेवलं आणि ते नेमकं देइविसच्या कानावर गेलं.

देइविसही कैदीच, पण या बराकीचा धनी तोच. सरकारी शिपाई फाटकाबाहेर बसायचे. आत कोण जेवेल आणि कोण मरेल ते देइविस ठरवायचा आणि त्याचा हस्तक योर्मान ते अमलात आणायचा. आवारातल्या सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं त्याने या पत्र्याच्या खोलीत एका स्क्रीनवर आणली होती, कारण पलीकडच्या बराकीशी त्याचं हाडवैर होतं. भेटीच्या दिवशी बायकापोरं आत असेपर्यंत हत्यार काढायचं नाही, हा नियम दोन्हीकडचे खुनीसुद्धा पाळत. शेवटची बाई बाहेर पडली की नियम संपला. आणि नेमक्या त्याच वेळी, दुपारभर तापलेलं मशीन आपोआप बंद पडायचं. मागच्या रविवारी स्क्रीन काळी झाली आणि तेवढ्यात देइविसची दोन माणसं चिरली गेली होती.

मशीनचा पंखा जळून गेला होता आणि नवा पुढच्या भेटीपर्यंत आत येणार नव्हता. म्हणजे जे करायचं ते सॉफ्टवेअरनेच. नेरियोने त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं होतं, की प्रोसेसरला गरजेपेक्षा जरा जास्तच वीज मिळत असते. ती थोडी थोडी कमी करत जायची. मशीन तेवढंच काम करतं, पण कमी तापतं. मात्र प्रत्येक प्रोसेसरची सोसायची ताकद वेगळी. एक पायरी उतरलं की थांबून बघावं लागतं, भरपूर कामाला लावूनही आणि निवांत ठेवूनही. कामात असताना तगून राहिलेलं मशीन निवांत पडल्यावर स्वतःच वीज आणखी कमी करतं आणि तिथेच गोठतं.

"किती वेळ लागेल?" देइविसने विचारलं होतं.

"रात्रभर तरी."

त्यावर पहिला तडाखा बसला होता.

आता स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा एकाहत्तर अंशांवर आला होता आणि एवढ्यावर मशीन टिकेल असं नेरियोला मनापासून वाटत होतं. पण योर्मानने मशीनच्या खोक्याला तळहात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्याने एउदोला केस धरून आत ओढलं, गुडघ्यावर बसवलं आणि त्याच्या कानाच्या पाळीला सुरी लावली.

"अजून थंड कर."

"याच्या खाली गेलं तर भरवसा नाही, बाबा."

सुरी जरा आत गेली. एउदो ओरडला नाही. भावाकडे बघून कसंनुसं हसला. ते हसू नेरियोला बघवलं नाही. तो दोन पायऱ्या एकदम उतरला. असं त्याने दुकानात कधी केलं नसतं, गिऱ्हाईक कितीही डोक्यावर बसलं असतं तरी. आकडा घसरत घसरत चौपन्नावर आला.

देइविस खूश झाला. बाहेर शेवटच्या बायका सूपचं रिकामं पातेलं तिथेच टाकून फाटकाकडे निघाल्या होत्या. त्याने एउदोला त्या पातेल्याजवळ कॅमेऱ्यासमोर उभं राहायला पाठवलं आणि बराकीचं लोखंडी दार आतून लावून घेतलं. "मशीन चालू आहे तोवर तुझा भाऊ तुला दिसेल, उस्ताद," तो म्हणाला. "मशीन गेलं, तर तोही गेला."

नेरियो स्क्रीनला डोळे लावून बसला. एका कॅमेऱ्याच्या चौकोनात एउदो आला, पातेल्यात डोकावला, मग कॅमेऱ्याकडे वळून त्याने हात वर केला. जणू सांगत होता, काळजी करू नको, दादा. कोपऱ्यात चौपन्न. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं, तरी चौपन्न. आकडा एका अंशानेही हलत नव्हता. मार खाऊन तोंड सुजलेलं असूनही नेरियोला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला.

मग गोळ्या सुटल्या.

पत्रा थरथरला, कुठेतरी माणूस गुरासारखा ओरडला. देइविस पिस्तूल घेऊन स्क्रीनपाशी आला. सगळे चौकोन शांत होते. भिंतीपलीकडे आपसात चाललंय, असं तो म्हणाला. तेवढ्यात लोखंडी दारावर कुणीतरी दोन्ही मुठींनी बडवायला लागलं. आवाज येत होता, पण गोळ्यांच्या कल्लोळात शब्द कळत नव्हते. योर्मानने कडीला हात घातला.

"थांब," देइविस म्हणाला. "उस्ताद, बघ दारात कोण आहे ते."

नेरियोने दाराचा चौकोन बघितला. तो रिकामा होता.

"कुणी दिसत नाही."

"तुझा भाऊ?"

"एउदो तिकडे पातेल्याजवळ उभा आहे," नेरियो म्हणाला. "उघडू नका."

योर्मानने हात काढून घेतला. दारावर अजून काही बुक्के बसले, मग खालच्या बाजूला एक, आणि मग काहीच नाही. नेरियो भावाकडे बघत होता. एउदोचा हात अजून वरच होता. इतका वेळ हात वर धरून कोण उभं राहतं? त्याने माउस हलवला. बाण जागचा हलला नाही. आकडा चौपन्न.

"चित्र गोठलंय," तो कसाबसा म्हणाला. "दार उघडा."

दार उघडलं तसा त्याला टेकून बसलेला एउदो आत कलंडला. छातीत गोळ्या होत्या. मुठींची सालं निघाली होती. नेरियोने त्याला मांडीवर घेतलं, कानाचं वाळलेलं रक्त थुंकीने पुसलं, लहानपणी तोंड पुसायचा तसं. एउदोचे डोळे उघडेच होते. योर्मानने पाय धरून त्याला आत ओढून घेतलं आणि दार पुन्हा लावलं.

बाहेरचा गोळीबार जवळ येत होता. "मशीन परत चालू कर," देइविस म्हणाला. योर्मान बटणाकडे सरकला.

"तू हात लावू नको," नेरियो म्हणाला.

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की योर्मान थांबला आणि देइविसनेही त्याला थांबू दिलं. नेरियो उठून खोक्यापाशी गेला. स्क्रीनवर एउदो उन्हात उभा होता, धडधाकट, हात वर केलेला. नेरियोने त्याला नीट बघून घेतलं. मग बटणावर बोट ठेवलं आणि स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरलं.